तुओल स्लेंग आणि चुंग एक: नॉम पेन्हची नरसंहार स्मारकं पहिल्यांदा बघणाऱ्यांसाठी

अंगकोर वाट बघायला कंबोडियाला जाणारी मराठी मंडळी आता पुष्कळ आहेत. त्यातले बरेच जण सिएम रीपहूनच परत फिरतात. जे राजधानीला, नॉम पेन्हला येतात, त्यांच्या सहलीच्या कागदावर राजवाडा, नदीकाठ आणि बाजार यांच्या मध्ये कुठेतरी ‘जेनोसाइड म्युझियम, पाऊण तास’ असं लिहिलेलं असतं. पाऊण तासात चार इमारतींमधून नुसतं चालून होतं. बाहेर पडताना डोक्यात कवट्या आणि लोखंडी पलंग राहतात, पण हे कुणी कुणाला केलं, का केलं, ती माणसं कोण होती, यातलं काही कळलेलं नसतं.

ही ठिकाणं मी सावकाश बघितली आहेत. नंतर ओळखीचे बरेच जण जायच्या आधी विचारायला लागले, म्हणून हे एकदा सविस्तर लिहून काढते आहे. ठिकाणं दोन आहेत. शहराच्या मधोमध असलेला तुओल स्लेंगचा तुरुंग, ज्याचं सांकेतिक नाव होतं एस-२१. आणि शहराबाहेर साधारण १५ किलोमीटरवरचं चुंग एक, जिथे त्या तुरुंगातल्या माणसांना नेऊन मारलं. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने ही दोन्ही ठिकाणं, ग्रामीण भागातल्या एम-१३ या आधीच्या तुरुंगासह, जागतिक वारसा यादीत घेतली. दोन्हीकडे जा, आणि सांगते त्याच क्रमाने जा.

१. निघण्यापूर्वी एवढा इतिहास माहीत करून घ्या

तिथे गेल्यावर फलक वाचू, असं म्हणून जाऊ नका. फलक थोडे आहेत आणि ते वाचणाऱ्याला बरंच आधीच माहीत आहे असं धरून लिहिलेले आहेत.

१७ एप्रिल १९७५ ला, ख्मेर नववर्ष नुकतंच संपलं असताना, ख्मेर रूज या कट्टर कम्युनिस्ट संघटनेचे सैनिक नॉम पेन्हमध्ये शिरले. अमेरिका बॉम्ब टाकणार आहे, तीन दिवसांसाठी बाहेर पडा, असं सांगून त्यांनी काही दिवसांत अख्खं शहर रिकामं केलं. लोकांनी हे खरं मानलं, कारण त्याआधीची काही वर्षं देशाच्या ग्रामीण भागावर अमेरिकी विमानं खरोखरच बॉम्ब टाकत होती. इस्पितळातल्या रुग्णांनाही रस्त्यावर काढलं. मग चलन रद्द झालं, बाजार, शाळा, विहार बंद झाले आणि शहरी माणसांना भातशेतीवर आणि कालव्यांच्या खोदकामावर जुंपलं गेलं. पुढच्या पावणेचार वर्षांत उपासमार, आजार, अतिश्रम आणि सरळसरळ हत्या यांमुळे १७ ते २० लाख माणसं गेली. देशाची लोकसंख्याच तेव्हा ८० लाखांच्या आसपास होती. ७ जानेवारी १९७९ ला व्हिएतनामी फौजा शहरात आल्या आणि ही राजवट कोसळली.

दोन गोष्टी मात्र मुद्दाम लक्षात ठेवा, कारण त्यांच्याशिवाय तुओल स्लेंग उलगडत नाही.

पहिली: इथे आणलेल्यांपैकी फार मोठा भाग राजवटीच्याच माणसांचा होता. सैनिक, कार्यकर्ते, मंत्रालयांतले अधिकारी, आणि त्यांच्या बायका-मुलं. पक्षाच्या वरच्या मंडळींना सगळीकडे फितूर दिसू लागले होते. एकाला पकडायचं, मारझोड करून त्याच्याकडून आणखी नावं वदवून घ्यायची, मग त्या नावांना पकडायचं, असं ते चक्र होतं. त्यामुळे भिंतीवरच्या एखाद्या चेहऱ्याने स्वतःही आधी कुणाला पकडून दिलेलं असू शकतं. हे पचायला अवघड आहे, पण ते टाळून ही जागा बघता येत नाही.

दुसरी: न्यायाला फार उशीर झाला. ख्मेर रूजचा सर्वोच्च नेता पोल पॉट १९९८ मध्ये मेला, आंतरराष्ट्रीय साहाय्याच्या न्यायालयापुढे कधी उभा राहिलाच नाही. संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने कंबोडियात उभ्या राहिलेल्या या विशेष न्यायालयाने एस-२१ चा प्रमुख दुच याला २०१० मध्ये ३५ वर्षांची शिक्षा दिली. अपिलात २०१२ मध्ये ती जन्मठेप झाली. दुच मूळचा गणिताचा शिक्षक. तो २०२० मध्ये कैदेत असतानाच वारला. २०१८ मध्ये नुऑन चिआ आणि ख्यू सम्फान या दोन बड्या नेत्यांना नरसंहाराबद्दल दोषी ठरवलं गेलं. तो निकाल कंबोडियातल्या व्हिएतनामी लोकांच्या, आणि नुऑन चिआच्या बाबतीत चाम मुसलमानांच्याही, संहाराबद्दल होता. देशात बहुसंख्य असलेल्या ख्मेर लोकांवरचे गुन्हे कायद्याच्या भाषेत ‘मानवतेविरुद्धचे गुन्हे’ म्हणून नोंदले गेले.

२. कागदपत्रं आणि पैसे

भारतीय पासपोर्टवर कंबोडियाला व्हिसा लागतो. ई-व्हिसा घरबसल्या मिळतो, विमानतळावर उतरल्यावरही मिळतो. ई-व्हिसा काढणार असाल तर फक्त सरकारी संकेतस्थळावरून काढा. त्याच्या पत्त्याचा शेवट ‘डॉट गव्ह डॉट केएच’ असा असतो. शोधयंत्रात वर दिसणारी बरीच संकेतस्थळं खासगी दलालांची असतात, हुबेहूब सरकारी वाटतात आणि जास्तीचे पैसे घेतात.

सोबत ठेवायच्या गोष्टी:

- निदान सहा महिने वैध असलेला पासपोर्ट, त्याची झेरॉक्स वेगळ्या पिशवीत
- ई-व्हिसाची छापील प्रत. विमानतळावर व्हिसा घेणार असाल तर पासपोर्ट आकाराचा फोटो आणि डॉलर
- कंबोडियाचं ई-अरायव्हल कार्ड. हे उतरण्याआधीच्या सात दिवसांत ऑनलाइन भरायचं असतं आणि ते फुकट आहे. यासाठी कुणी पैसे मागत असेल तर ते संकेतस्थळ चुकीचं आहे
- परतीचं तिकीट आणि हॉटेलचा पत्ता
- एक, पाच आणि दहा डॉलरच्या सुट्या नोटा

शेवटची ओळ नीट वाचा. कंबोडियात डॉलर आणि रिएल दोन्ही चालतात, एका डॉलरला साधारण चार हजार रिएल. पण डॉलरची नोट जराशी फाटलेली, शाईचा डाग पडलेली किंवा चुरगळलेली असेल तर दुकानदारापासून तिकीट खिडकीपर्यंत कुणीही ती घेत नाही. मुंबई-पुण्यात नोटा बदलून घेताना तिथेच मोजून, उलटसुलट बघून घ्या. सुटे पैसे परत मिळतात ते बहुतेक रिएलमध्ये. ते तिथेच खर्च करून या, बाहेर त्यांना कुणी विचारत नाही.

परदेशी प्रौढांना तुओल स्लेंगचं तिकीट पाच डॉलर आणि ध्वनिमार्गदर्शकाचे (ऑडिओ गाइडचे) वेगळे पाच डॉलर. चुंग एकचं तिकीट तीन डॉलर, ध्वनिमार्गदर्शकासह सहा. दर बदलतात, तेव्हा माणशी पंचवीस डॉलर बाजूला ठेवा म्हणजे रिक्षाच्या वाट्यासह निभावेल. आधी आरक्षण करायची गरज नाही, तिकीट दारातच मिळतं.

थायलंड आणि कंबोडिया एकत्र करणाऱ्यांसाठी: २०२५ मध्ये या दोन देशांत सीमेवर लढाई झाली आणि जमिनीवरचे सीमामार्ग बंद झाले. रस्त्याने ओलांडायचा बेत असेल तर आपल्या परराष्ट्र मंत्रालयाची ताजी सूचना वाचल्याशिवाय काहीही बुक करू नका. विमानाने मुंबईहून बँकॉक, क्वालालंपूर किंवा सिंगापूर इथे बदलून जाता येतं. नॉम पेन्हचा नवा विमानतळ सप्टेंबर २०२५ पासून शहराच्या दक्षिणेला बराच लांब गेला आहे, तेव्हा जुन्या माहितीवर विसंबून वेळेचा हिशोब करू नका.

३. दिवस आणि वेळ ठरवणं

दोन्ही स्मारकं रोज उघडी असतात, साधारण सकाळी आठ ते संध्याकाळी पाच. तुओल स्लेंगला अडीच ते तीन तास, चुंग एकला दीड ते दोन तास आणि जाण्यायेण्याचा दीड तास, असा हिशोब करा. म्हणजे एक पूर्ण दिवस. तो एवढ्यासाठीच ठेवा. संध्याकाळी नदीतली बोटसफर, नाचगाण्याचं जेवण वगैरे काही जोडू नका.

क्रम: आधी तुओल स्लेंग, मग चुंग एक. रिक्षावाले आणि काही सहली उलट नेतात, कारण सकाळी बाहेर जाणारा रस्ता मोकळा असतो. पण कैद्यांचा प्रवास तुरुंगातून रात्रीच्या ट्रकने चुंग एककडे झाला. तुरुंगात चेहरे बघितल्यावरच चुंग एकच्या खड्ड्यांचा अर्थ लागतो. आधी खड्डे बघितले तर ते खड्डेच राहतात.

सकाळी आठला दारात असा. दहाच्या पुढे मोठमोठे गट येतात आणि अरुंद कोठड्यांमध्ये रेटारेटी होते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा बरी असते. एप्रिलच्या मध्यावर ख्मेर नववर्षात शहर ओस पडतं, रिक्षाही मिळत नाही. आणखी एक काळ असा, की तेव्हा जाणं वेगळं ठरतं. आपला पितृपक्ष ज्या पंधरवड्यात येतो, त्याच सुमारास तिथे प्चुम बेन असतो. आपल्यासारखंच पंधरा दिवस पितरांसाठी अन्न ठेवतात, अमावास्येला मोठा दिवस असतो. ज्यांची माणसं कुठे मेली हेच ठाऊक नाही, अशी घरंसुद्धा त्या दिवसांत विहारांत भात घेऊन जातात. शेवटचे तीन दिवस सुट्टीचे, तेव्हा प्रवासाचे हाल होतात. पण त्याच्या आधीच्या आठवड्यात गेलात तर एखाद्या विहारात पहाटे डोकावून या.

४. रिक्षा ठरवताना

तिथे सगळे तुक-तुक म्हणतात. ग्रॅब आणि पासॲप ही दोन ॲप शहरात चांगली चालतात. तुओल स्लेंगला एकेरी भाडं करा, तिथे हवा तेवढा वेळ थांबा आणि चुंग एकसाठी मात्र जाऊन-थांबून-येऊन असा दर आधी पक्का करा, कारण तिथून परतीची रिक्षा मिळेलच असं नाही. दोन्ही ठिकाणं मिळून दिवसाचे पंधरा-वीस डॉलर हा बोलीचा अंदाज. तुओल स्लेंगच्या दाराशी बोली महाग सुरू होते, चौक सोडून थोडं पुढे जा.

चुंग एकच्या रस्त्यावर ट्रक आणि धूळ दोन्ही भरपूर. तोंडाला बांधायला मास्क किंवा ओढणी, पाण्याची बाटली, टोपी सोबत घ्या.

आता एक सापळा. काही रिक्षावाले चुंग एकला जाता-येता ‘शूटिंग रेंज’ सुचवतात. तिथे पर्यटकांना डॉलर घेऊन बंदुका चालवायला देतात. साफ नाही म्हणा. हजारो माणसांच्या थडग्यांवरून उठून पैसे देऊन गोळ्या झाडायला जाणं मला किळसवाणं वाटतं, आणि याबद्दल मी मऊ शब्द वापरणार नाही. अनाथाश्रमाला भेट द्या, मुलं तुमच्यासाठी नाचतील, असंही कुणी सुचवतं. तेही नको. परदेशी पाहुण्यांच्या देणग्यांसाठी, आईबाप हयात असलेली मुलं अशा ठिकाणी ठेवल्याचं कंबोडियात उघड झालेलं आहे.

आणि रिक्षावाल्याला किंवा हॉटेलमधल्या वयस्कर माणसाला ‘तुमच्या घरचं कोण गेलं?’ असं विचारू नका. पन्नाशीच्या पुढचा प्रत्येक जण त्या काळातून गेलेला आहे. एखाद्याचे सगळे भाऊ गेले असतील, एखादा त्यावेळी पोरवयात पहारेकरी असेल, आणि दोघं आज एकाच गल्लीत राहत असतील. कुणी आपणहून बोललं तर ऐका.

५. तुओल स्लेंग

दार रस्ता क्रमांक ११३ आणि ३५० च्या कोपऱ्यावर आहे. तिकीट घेताना ध्वनिमार्गदर्शक घ्याच. इंग्रजीत मिळतो, संथ आणि स्पष्ट बोलतो. इंग्रजी ऐकायला जड जात असेल तर दाराशी माणूस-मार्गदर्शक मिळतात. चौघं-पाचजण मिळून एक केलात तर थांबवून प्रश्न विचारता येतात. घरातल्या एकाने ऐकून बाकीच्यांना मराठीत सांगत फिरणं मात्र टाळा. कोठड्यांमध्ये आवाज फार घुमतो.

आत गेल्यावर समोर दिसते ती शाळा. १९७५ पर्यंत इथे हायस्कूल होतं. तीन मजली इमारती, लांब व्हरांडे, मध्ये गवताचं मैदान, चाफ्याची आणि माडाची झाडं. काही वर्गांत फळा अजून भिंतीवर आहे. मैदानात मुलांच्या व्यायामासाठी उभारलेली लाकडी चौकट आहे. तिला कैद्यांना उलटं टांगत आणि बेशुद्ध झाले की खालच्या रांजणांतल्या घाण पाण्यात डोकं बुडवत.

इमारती अ, ब, क, ड अशा क्रमाने बघा.

अ इमारतीत वरच्या हुद्द्याच्या कैद्यांच्या चौकशीच्या खोल्या आहेत. प्रत्येक खोलीत लोखंडी पलंग, बेड्या, आणि भिंतीवर एक धूसर छायाचित्र. जानेवारी १९७९ मध्ये व्हिएतनामी सैनिक आत आले तेव्हा याच पलंगांवर त्यांना जे दिसलं, त्याचं ते छायाचित्र. शेवटच्या क्षणी मारलेल्या १४ जणांच्या पांढऱ्या समाध्या समोरच अंगणात आहेत. या खोल्यांत फार वेळ काढू नका. पहिल्याच इमारतीत माणूस सुन्न होतो आणि पुढचं बघायची ताकद उरत नाही, असं पुष्कळांचं होतं.

ती ताकद ब इमारतीसाठी राखून ठेवा. माझ्या मते अख्ख्या संग्रहालयाचा गाभा इथे आहे. कैदी आला की आधी त्याचा फोटो काढत, गळ्याशी क्रमांक लावत, मग जन्मापासूनची हकीकत लिहून घेत. ते हजारो फोटो इथे रांगेने लावलेले आहेत. म्हातारे, बायका, बाळाला मांडीवर घेतलेली आई, दहा-बारा वर्षांची पोरं. कुणी घाबरलेलं, कुणी रागावलेलं, आणि एखादा चक्क हसरा, बहुधा कॅमेऱ्यासमोर हसायची सवय म्हणून. सगळे बघायचा हट्ट धरू नका. चार-पाच चेहरे निवडा आणि प्रत्येकासमोर निवांत उभे राहा.

त्यात एक नाव आधीच माहीत असू द्या: हौत बोफाना. तरुण, शिकलेली बाई. नवऱ्याशी चोरून केलेला पत्रव्यवहार पकडला गेला आणि दोघांनाही एस-२१ मध्ये आणलं. महिनोन्‌महिने तिच्याकडून ‘मी हेर आहे’ अशा कबुल्या लिहून घेतल्या. मार्च १९७७ मध्ये दोघांना एकाच दिवशी मारलं. तिची प्रेमपत्रं तुरुंगाच्या फाइलीत राहिली आणि म्हणूनच आज आपल्याला ती ठाऊक आहे. तुरुंगवाल्यांना प्रत्येक गोष्ट नोंदवून ठेवायची खोड होती. त्याच नोंदी पुढे न्यायालयात पुरावा झाल्या, आणि २००९ मध्ये युनेस्कोच्या ‘जगाची स्मृती’ या नोंदवहीत गेल्या.

न्यायालयाच्या कामातून तयार झालेल्या यादीत एस-२१ च्या १५ हजारांहून जास्त कैद्यांची नावं आहेत. खरा आकडा १८ हजार किंवा त्याहून वर असावा असं मानतात. सुटलेले प्रौढ साधारण डझनभर. परदेशी कैदीही होते. सर्वांत जास्त व्हिएतनामी, आणि संग्रहालयाने दिलेल्या देशांच्या यादीत भारत आणि पाकिस्तानही आहेत.

क इमारतीच्या दर्शनी बाजूला काटेरी तारांची जाळी आहे. कैद्यांनी वरून उडी मारून जीव देऊ नये म्हणून ती लावली होती. मरण कधी यायचं हे तुरुंगच ठरवणार. आत वर्गखोल्यांमध्ये विटांच्या आणि वरच्या मजल्यावर लाकडाच्या कोठड्या आहेत, जेमतेम आडवं होता येईल एवढ्या. कोंडल्यासारखं होणाऱ्यांनी दारातूनच बघावं.

ड इमारतीत छळाची साधनं आणि वान नाथ यांची चित्रं आहेत. हे चित्रकार. पोल पॉटची चित्रं काढायला उपयोगी म्हणून त्यांना जिवंत ठेवलं. सुटल्यावर त्यांनी आत पाहिलेलं रंगवलं, आणि २००९ मध्ये दुचच्या खटल्यात साक्ष दिली. २०११ मध्ये ते गेले. बू मेंग हेही चित्रकार, आणि चुम मे हे यंत्र दुरुस्त करणारे. दोघंही त्या खटल्याचे साक्षीदार. हे दोघे म्हातारपणी वर्षानुवर्षं संग्रहालयाच्या आवारात आपल्या आत्मवृत्ताचं पुस्तक घेऊन बसत आले. वाचलेल्यांपैकी कुणी तुम्हाला तिथे भेटलं तर नमस्कार करा, पुस्तक घ्या, फोटो हवा असेल तर आधी विचारा. ‘तुम्हाला काय काय केलं?’ हे विचारू नका. ते सगळं त्या पुस्तकात आहे.

निघण्यापूर्वी अंगणातल्या स्मारकाशी या. काळ्या दगडांवर नावं कोरलेली आहेत. मग झाडाखालच्या बाकावर बसा, पाणी प्या. लगेच रिक्षात चढू नका.

६. चुंग एक

इथे ध्वनिमार्गदर्शक नसेल तर काहीच कळत नाही, हे आधीच सांगते. बघण्यासारखी इमारत एकच, मधला उंच स्तूप. ट्रक थांबायची जागा, कैद्यांना कोंडायची अंधारी शेड, अवजारांचं कोठार, हे सगळं १९७९ नंतर लोकांनी मोडून लाकूड-पत्रा नेला. उरल्या पाट्या, गवत आणि खड्डे. आधी ही जागा चिनी दफनभूमी होती, शेजारी फळबाग. जुन्या चिनी थडग्यांचे दगड अजून दिसतात.

एकंदर १२९ सामूहिक खड्डे सापडले. १९८० मध्ये त्यातले ८६ उकरले आणि जवळजवळ नऊ हजार माणसांचे अवशेष वर काढले. बाकीचे ४३ तसेच आहेत, आणि ते तसेच ठेवायचं ठरवलेलं आहे. गोळ्या महाग म्हणून माणसांना कुदळी, लोखंडी सळ्या, बैलगाडीचे आस अशा शेतावरच्या वस्तूंनी मारत. ओरडणं आजूबाजूला ऐकू जाऊ नये म्हणून रात्री झाडाला टांगलेल्या कर्ण्यांवर क्रांतीची गाणी मोठ्याने लावत, खाली जनरेटर घरघरत असे. ध्वनिमार्गदर्शकात एका थांब्यावर ती गाणी आणि ती घरघर एकत्र ऐकवतात. तेवढी फीत ऐकायची की नाही हे आपलं आपण ठरवा. नाही ऐकली तरी चालेल.

पावसाळ्यात, म्हणजे मे ते ऑक्टोबर, एका गोष्टीची तयारी ठेवा. पाऊस पडून गेला की जमिनीतून हाडांचे तुकडे, दात, कपड्यांच्या चिंध्या वर येतात, पायवाटेवरसुद्धा. आखलेल्या वाटेवरूनच चाला, खाली बघून चाला. काही दिसलं तर हात लावू नका, उचलून बाजूला ठेवू नका. तिथले कर्मचारी ठराविक काळाने ते गोळा करतात, त्यांना जागा दाखवा.

स्त्रिया आणि मुलांच्या खड्ड्याशेजारी एक मोठं झाड आहे. लहान मुलांना याच्या बुंध्यावर आपटून मारलं. मुलं का? तर पुढे मोठी होऊन सूड घेऊ नयेत म्हणून. गवत उपटायचं तर मुळासकट, असं ख्मेर रूज म्हणत. आज त्या झाडावर आणि खड्ड्याच्या कुंपणावर येणाऱ्यांनी बांधलेल्या रंगीत दोऱ्या, ब्रेसलेट दिसतात. इथे फोटो काढू नका, एवढंच माझं मागणं आहे. मनाई लिहिलेली असो-नसो.

मग तळ्याकाठची वाट घ्या. बरेच जण ती गाळतात आणि थेट स्तूपाकडे जातात. बाक आहेत, सावली आहे, आणि चालता चालता त्या काळातून वाचलेल्यांच्या आठवणी कानात ऐकता येतात. दिवसभरातला सर्वांत मोलाचा अर्धा तास मला हा वाटला, कारण इथे मेलेल्यांऐवजी जगलेली माणसं बोलतात: उपाशी पोटी एक केळं चोरल्याची, बहिणीपासून ताटातूट झाल्याची.

स्तूप शेवटी. बाहेर फुलं आणि उदबत्त्या मिळतात, वाहून मग पायातलं काढून आत जा. काचेआड थरावर थर कवट्या आहेत; त्यावर लावलेल्या छोट्या रंगीत ठिपक्यांवरून कुणाला कशाने मारलं ते तज्ज्ञांनी नोंदवलं आहे. आत जागा फार थोडी, एका वेळी थोडेच जा. आपल्याकडच्या माणसाला इथे एक प्रश्न हमखास पडतो: यांचे अंत्यसंस्कार का केले नाहीत? कंबोडियातही दहनाचीच रीत आहे, आणि हा वाद तिथेही झाला आहे. राजे सिहानूक दहन व्हावं असंच म्हणत. पण असं काही घडलंच नाही म्हणणाऱ्यांना उत्तर म्हणून, आणि खटल्यांचा पुरावा म्हणून, अवशेष राखले गेले. दरवर्षी २० मे या स्मृतिदिनी इथे भिक्खू येऊन प्रार्थना करतात. त्या दिवशी गर्दी आणि कार्यक्रम असतात, तेव्हा पहिल्यांदा जाणाऱ्याने दुसरा दिवस धरावा.

७. कपडे, फोटो, मुलं

खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घाला. तुओल स्लेंगमध्ये हसऱ्या तोंडावर फुली मारलेली पाटी आहे. ती उगीच लावलेली नाही. इमारतींच्या आत बऱ्याच खोल्यांत छायाचित्रण बंद आहे, पाट्या बघा. अंगणात चालतं. पलंगाशेजारी, कोठडीत, कवट्यांसमोर सेल्फी आणि ग्रुप फोटो नकोत. ग्रुपने जात असाल तर बसमध्येच एकदा सगळ्यांना सांगून ठेवा: फोन मूक, व्हिडिओ कॉल नाही, आत खाणं नाही.

मुलांबद्दल स्पष्ट सांगते. बारा-तेराच्या आतल्यांना दोन्हीकडे नेऊ नका. त्याहून मोठ्यांना आधी घरी सगळं सांगा, त्यांना यायचं आहे का ते विचारा, आणि तुओल स्लेंगमध्ये अ आणि ड इमारती गाळून ब इमारत दाखवा. छोटं मूल सोबत असेल तर आईबापांनी आळीपाळीने आत जावं. शेजारच्या रस्त्यांवर बसायला बऱ्या जागा आहेत.

मध्येच नको झालं तर बाहेर या. तिकिटाचे पैसे वसूल करायची ही जागा नव्हे.

८. दुसऱ्या दिवसासाठी

एक सकाळ हाताशी असेल तर शहरातल्या बोफाना केंद्रात जा. तुओल स्लेंगमधल्या त्याच बोफानाचं नाव या दृक्‌श्राव्य संग्रहालयाला दिलेलं आहे. २००६ मध्ये ते सुरू झालं. संगणकावर बसून जुनी चित्रफीत, गाणी, १९७५ च्या आधीचं नॉम पेन्ह फुकट बघता येतं. साठच्या दशकातलं ख्मेर रॉक ऐकायला मिळतं. ते गाणारे बहुतेक कलावंत त्या पावणेचार वर्षांत नाहीसे झाले. केंद्र शनिवार-रविवारी नेहमीसारखं चालू असेल असं धरू नका, वेळ आधी बघून ठेवा आणि दाराशी दाखवायला पासपोर्ट सोबत असू द्या.